पक्ष्याला बांधलेली तांब्याची तार

मंगळ., १० फेब्रु.
नौपाड्याच्या बर्वेकाकांचं काम आलं. छप्पन्न सालची गाडी, वडिलांनी घेतलेली. बंपर, जाळी, चाकांच्या टोप्या टेम्पोतून आल्या. बॉनेटवरचा पक्षी मात्र काका टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन विठ्ठलवाडीला माझ्या गाळ्यापर्यंत आले. "बाकी सगळं मिळेल हो, हा मिळायचा नाही." नातीचं लग्न एप्रिलात, तिला त्याच गाडीतून न्यायचंय. मी म्हटलं, काका, तीस वर्षं क्रोमच चढवतोय, निश्चिंत राहा. जानू, माझा टाकीवरचा माणूस, माझ्याकडे बघून गालात हसला. मी बढाई मारायला लागलो की हसतो.

बुध., ११ फेब्रु.
पक्षी गेला.
टाकीतून जाळीची टोपली वर घेतली तर पक्ष्याच्या जागी करडा गाळ आणि क्रोमचे पापुद्रे. पंख नाही, चोच नाही.
दोन वाजता जानूने जुनं क्रोम उतरवायला माल ॲसिडात सोडला. पितळ तासभर राहिलं तरी त्याला काही होत नाही, म्हणून मीच त्याला शहाडला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा बंपर आणायला पाठवलेला. पण पक्षी जस्ताचा निघाला, आणि जस्त ॲसिडात विरघळतं. म्हणून तर आमची खूण आहे. मी कानस मारून आतला धातू बघतो आणि पितळेला तांब्याची तार, जस्ताला सुतळी बांधतो. सुतळीवालं टाकीत जात नाही. बावीस वर्षांत एक तुकडा चुकला नाही.
मी सुतळीच बांधली असणार. जानूने बघितलं नाही.
त्याला बोललो. बाजूच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली एवढं बोललो. "आंधळा झालास का रे?" हेसुद्धा. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, मी तार-सुतली बघूनच टाकतो." मग टोपली परत टाकीत ठेवली, डबा घेतला आणि गेला.

गुरु., १२ फेब्रु.
जानू आला नाही. फोन उचलत नाही.
ब.काकांना फोन केला. सांगितलं, माझ्या माणसाकडून चूक झाली. काका म्हणाले, "चूक कोणाच्याही हातून होते. पण त्या गृहस्थांना माझ्यासमोर आणू नका. मला राग आवरणार नाही."
मी बरं म्हटलं.

शनि., १४ फेब्रु.
जानू नाही म्हणून टाकी आज मीच साफ करायला घेतली. चिमट्याने टोपली उचलली. तळाशी, गाळात, तांब्याची तार.
बाकी पितळेच्या तुकड्यांच्या तारा जागच्या जागी आहेत, मोजल्या. ही एकच सुटी. पाण्याखाली धरली. तीन पीळ, आणि टोक आत दुमडलेलं, हाताला टोचू नये म्हणून. असं टोक मीच दुमडतो.
खाली बसलो.
मग आठवलं. मंगळवारी कानस मारताना कानाला फोन होता. जस्तावर क्रोमच्या खाली तांब्याचा पातळ थर असतो, त्यामुळे पहिल्या कानशीला पितळेसारखं पिवळट दिसतं. दुसरी मारली की खालचं करडं जस्त दिसतं. कानस दोनदा मारायची, हे मीच जगाला शिकवत फिरतो. एकदा मारली, पिवळं दिसलं, तार बांधली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रवि., १५ फेब्रु.
बायकोला सांगितलं. ती चपात्या लाटता लाटता थांबली. "मग इथे काय बसलायस? जा आंबिवलीला, जानूकडे."
म्हटलं, आधी काकांना सांगतो.
"म्हणजे सोपं ते आधी."
बरोबर बोलली. तरी ठाण्यालाच गेलो. ब.काकांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "पक्ष्याचं मी सोसेन. पण तुम्ही त्यांचं नाव का पुढे केलंत?" निघताना त्यांनी पक्ष्याचा जुना फोटो हातात दिला. पितळेत घडवून बघा म्हणाले. नाहीतर जागा मोकळी राहील.

सोम., १६ फेब्रु.
आंबिवली. जानू अंगणात जाळं विणत बसलेला. त्याच्या बायकोने पाणी दिलं, पण एरवीसारखं बसा भाऊ म्हणाली नाही.
तार खिशातून काढून त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, माझीच आहे.
त्याने हातही लावला नाही. "मना माहीत हाय. त्याच दिवशी बघितली."
मी म्हटलं, "अरे मग तेव्हाच का नाही दाखवलीस? सगळ्यांसमोर तोंडावर मारायची होतीस."
"तू बघशील म्हनून टाकीत तशीच ठेवली. पाच दिवस लागले तुला."
मी हात जोडले. उद्या बाजूच्या गाळेवाल्यांना बोलावून सांगतो म्हटलं. तो जाळ्याची गाठ मारत राहिला. ये म्हणालो, तर "बघू" म्हणाला. बावीस वर्षांत तो मला बघू म्हणालेला नाही.

मंगळ., १७ फेब्रु.
शेजारच्या तिन्ही गाळ्यांत जाऊन सांगितलं. चूक माझी, जानूची नाही. एकजण म्हणाला, आम्हाला वाटलंच होतं. तेही ऐकून घेतलं.

बुध., १८ फेब्रु.
सकाळपासून काकांच्या चाकांच्या टोप्या घेतल्या. प्रत्येकीवर दोनदा कानस. दोन पितळेच्या, दोन जस्ताच्या निघाल्या. तार, सुतळी बांधली. पक्ष्याचा फोटो भिंतीला चिकटवलाय, पंखांचं माप काढायला सुरुवात केली.
अकरा वाजले, जानू अजून आलेला नाही. पितळेच्या टोप्या टाकीशेजारी मांडून ठेवल्यात. टाकी जानूची आहे, मी त्यात काही सोडणार नाही.