बहिऱ्या पैलवानाचा बायस्कोप

१२ ऑक्टोबर १९२१, बुधवार. सकाळी.
काल सोनं लुटलं, आज नवा निश्चय. रोज लिहायचं, आणि खरं तेच लिहायचं.

परवा तंबूत नवा बायस्कोप पाहिला. राजाला शाप असतो: ज्याला तो हात लावील, तो माणूस त्याला विसरेल. काय कल्पना! मी खुर्चीच्या टोकावर येऊन बसलो. आणि पुढं केलं काय? राजा बागेत हिंडतो आणि एक माकड नाचतं. शेवटपर्यंत माकडच. मागच्या खेळातही तीच गत. समुद्राच्या तळाशी बुडालेलं गाव म्हणून जाहिरात, आणि समुद्र म्हणजे ताणून धरलेली चादर. चादर हलवणाऱ्याचा पाय दिसला. या लोकांना सुरुवात सुचते, पुढचं सुचत नाही. घरी येताना हिला सगळं नीट समजावून सांगितलं. ही म्हणाली, माकड चांगलं होतं.

बायस्कोप आता आपणच काढायचा. जकातीच्या कचेरीत पावत्या फाडण्यासाठी माझा जन्म नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी.
प्लॉट सापडला!!

लालासाबच्या दुकानात बसलो होतो. लालासाब म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त, फोटोग्राफर. मुंबईच्या एका पारशाकडून त्यानं हातानं फिरवायचा जुना बायस्कोपचा कॅमेरा आणून ठेवलाय, आणि तो वापरायचा कशावर हे त्याला कळत नाही. तिथं त्याचा भाचा सिकंदर आला. सिकंदर पैलवान, अंगानं भिंत. साथीच्या तापात त्याचे दोन्ही कान पार गेले. तेव्हापासून मैदानात त्याला कुणी कुस्ती देत नाही. पंचांनी ‘सोड’ म्हटलेलं ऐकू यायचं नाही आणि समोरच्याचा हात मोडायचा, ही भीती. तालमीत मात्र रोज जातो. हलगी सुरू झाली की तळवा मातीवर टेकवतो, थोडा वेळ तसाच राहतो, मग लढायला उठतो. हे काय म्हणून विचारलं, तर लालासाब म्हणाला, “हलगी ऐकतोय. मातीतनं.”

अंगावर काटा आला. बायस्कोप मुका, नायक बहिरा. म्हणजे नायकाला जेवढं ऐकू येतं तेवढंच बघणाऱ्याला! हे विलायतेतसुद्धा कुणाला सुचलेलं नाही. बहिरा पैलवान मैदान मागतो, मिळत नाही, शेवटी मिळतं आणि तो हरतो. ट्रॅजेडी! ट्रॅजेडीशिवाय वजन येत नाही.

लालासाब लगेच तयार. सिकंदरला खुणांनी सांगितलं. तो हसला.

२३ ऑक्टोबर, रविवार.
पहिलं शूटिंग, तालमीच्या उघड्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत. सिकंदरनं माती उकरली, हलगीवाला बसला, सिकंदरनं तळवा टेकवला. लालासाबनं हँडल फिरवलं. झालं. रिहर्सल नाही, काही नाही. फारच सहज. याला मेहनत म्हणत नाहीत.

सिकंदरची आई लालबी दाराबाहेर उभी होती. तिनं विचारलं, “भाऊ, ह्ये बघून माझ्या पोराला कुस्ती देतील का वो?” मी म्हणालो, संस्थानच्या महाराजांना कुस्तीचा नाद, त्यांच्या कानावर गेलं की दुसऱ्या दिवशी बोलावणं. तिनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. चांगलं वाटलं.

रात्री तळमळतोय. काहीतरी कमी आहे.

६ नोव्हेंबर, रविवार.
काय कमी आहे ते कळलं. गती.

कोडोलीचे हंबीरराव भेटले. ऊसवाले, तालेवार माणूस, कुस्त्यांचे शौकीन. कच्ची फिल्म मुंबईहून ते मागवून देणार. अट एकच, त्यांची घोडी बायस्कोपात दिसली पाहिजे. बहिऱ्या पैलवानाला घोडी कशाला, असा आधी विचार आला. मग उलट विचार केला. का नको? तो घोडीवर बसून मैदानाला जातो. गती!

लालासाब म्हणाला, “पैलवान चालतच जातोय की तालमीला. हितनं हितं.” लालासाबला प्लॉटमधलं कळत नाही. फोटोतलं कळतं.

१३ नोव्हेंबर, रविवार.
घोडीचं शूटिंग. घोडी सिकंदरला पाठीवर घेईना. शेवटी ती एकटीच धावली, सुंदर धावली. सिकंदर तिच्या मागून धावला. मूळ प्लॉटपेक्षा हे जास्त सूचक आहे.

सोमवारपासून कचेरीत वेळेवर जायचं. हेडक्लार्क टोचून बोलले.

२० नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी.
आज पुन्हा बेचैन. सकाळी रंकाळ्याला फेरी मारली, दुपारी परत मारली. लालासाबनं मुंबईला धुवून आणलेली फिल्म दाखवली. तालमीचा तुकडा मला बघवेना. त्यात काहीच होत नाही! माणूस मातीवर हात ठेवतो, बस्स. प्रेक्षक इतका वेळ हात बघत बसेल? स्त्रीपात्र हवं.

२७ नोव्हेंबर, रविवार.
बाळासो मिळाला. नाटक कंपनीत पूर्वी नायिका करायचा. आता पोट सुटलंय, पण नजर अजून आहे. पैलवानाची प्रेयसी. शेताच्या बांधावर त्यानं प्रवेश केला आणि सरळ पद म्हणायला लागला. आलापासकट. मी ओरडून सांगितलं, बाळासो, बायस्कोपात आवाज येत नाही. तो गाता गाताच म्हणाला, “आवाज न्हाई, भाव येतोय.” पद संपेपर्यंत फिल्म संपली.

विचार केल्यावर वाटतं, बरोबर आहे त्याचं. भाव येतो.

४ डिसेंबर, रविवार.
विश्वासघात!

शेवटच्या कुस्तीचं शूटिंग. हंबीररावांनी कोडोलीहून एक दांडगा गडी आणला होता. सिकंदरनं पडायचं, असं ठरलेलं. मी स्वतः जमिनीवर उताणा पडून दाखवलं. त्यानं मान हलवली. हलगी सुरू झाली, आणि यानं त्या गड्याला घेऊन असा टाकला की धुरळ्यात दोघंही दिसेनात. पुन्हा. पुन्हा तेच. गडी कण्हत माझ्याकडं बघून म्हणाला, “सायब, मला सांगा की पडायला, त्यो तर ऐकतच न्हाय.”

मी सिकंदरसमोर जाऊन हातवारे केले. पड! त्यानं छातीवर तळवा ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. मग लालासाबला खुणांनी बरंच काही सांगितलं. लालासाबनं मला सांगितलं, “म्हणतोय, खोटं खोटं बी पडणार न्हाई. आधीच समदी त्याला पडलेलाच समजत्यात.”

मी म्हणालो, कला ही शिस्त आहे. लालासाब कॅमेऱ्याचं कापड घडी करत बसला.

ट्रॅजेडी गेली. काही हरकत नाही. माझ्याकडं कल्पनांना तोटा नाही.

५ डिसेंबर, सोमवार.
कचेरीत बसल्या बसल्या सुचलं. देवी! देवी प्रकट होते आणि पैलवानाला कान देते! मी मोठ्यानं “वा!” म्हणालो. ज्याची जकात घेत होतो तो गूळवाला दचकला.

११ डिसेंबर, रविवार.
देवीचं शूटिंग. देवी बाळासो (प्रेयसीही तोच, पण मुकुटात ओळखू येत नाही). सिकंदरनं कानावर हात न्यायचे, ऐकू आल्यासारखा चेहरा करायचा, देवीच्या पायांवर पडायचं.

लालासाब हँडल धरून नुसताच उभा. म्हणाला, “गणपतराव, माझ्या भाच्याला देवीनं कान दिले तर आमची काय ना न्हाई. माझी बहीण लोटांगण घालत यील. पण खरंच दिऊ दे.” मी म्हणालो, बायस्कोपात देतेय ना, सुरुवात तर होऊ दे.

सिकंदरनं खुणेनं मला विचारलं, हे कशाला? मी खुणेनं सांगितलं, लोकांना आवडेल. त्यानं कानांवर हात नेले. मी म्हणत होतो, आनंद! आनंद! त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं खरं, पण ते आनंदासारखं नव्हतं. बाळासो पद विसरला. ठीक आहे, लांबून कळणार नाही.

१ जानेवारी १९२२, रविवार.
इंग्रजी नवं वर्ष. संकल्प: पहाटे उठणं, विडी बंद, प्रसिद्धी डोक्यात जाऊ न देणं.

फिल्म जोडून झाली. तालमीचा तुकडा काढूनच टाकणार होतो. लालासाब प्रथमच चढ्या आवाजात बोलला, “त्यो काढलास तर माझा कॅमेरा माघारी दे.” तू-तुकारीवर आला. जुना दोस्त म्हणून तुकडा वेगळ्या रिळावर सुरुवातीला ठेवला. लोक जागेवर बसेपर्यंत काहीतरी चालू हवंच.

१५ जानेवारी, रविवार. रात्री.
आज खेळ झाला. क्रमानं लिहितो म्हणजे उद्या कुणी विपर्यास करणार नाही.

तंबू भरला होता. हंबीरराव पुढं. लालबी बायकांत, माझ्या हिच्याशेजारी. सिकंदर नवा पटका बांधून खांबाजवळ.

तालमीचा तुकडा लागला आणि मला घाम फुटला. तंबूत चिडीचूप. खोकला नाही, शेंगा फोडणं नाही. पेटीवाला वाजवत होता, तोही थांबला. लोक झोपले! मी धावत मशीनवाल्याकडं गेलो आणि म्हणालो, लवकर फिरव, घोडी येऊ दे. त्यानं ऐकलं नाही.

मग घोडी आली आणि तंबू जागा झाला. सिकंदर मागं धावताना दिसल्यावर हशा उसळला. मला वाटतं, कौतुकाचा. बाळासोच्या पदाला मागून “आवाज! आवाज!” अशी मागणी झाली. शेंगांची टरफलं पडद्यावर आली. कुणीतरी “देवी गरवार हाय!” म्हणून ओरडलं. अशिक्षित वर्ग. पडद्यावर सिकंदरनं कानांवर हात नेले तेव्हा मी खांबाकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. लालबी उठून बाहेर चालली होती.

तेवढ्यात देवीच्या नाकावर तपकिरी डाग उठला. डागाचं भोक झालं, भोकातून पांढरा उजेड. फिल्म मशीनमध्ये अडकून पेटली होती! मशीनवाल्यानं जळतं रीळ वाळूच्या बादलीत टाकलं. कुणाला इजा नाही. देवी जळली तेव्हा टाळ्या पडल्या. आजच्या सर्वांत मोठ्या टाळ्या, हे नमूद करतो.

१६ जानेवारी, सोमवार.
कारणं: मशीनवाला. मशीन. बाळासोचं पोट. घोडी. अशिक्षित वर्ग.

मशीनवर चढलेलं सगळं जळालं: घोडी, प्रेयसी, देवी, माझे तीन महिने. तालमीचं छोटं रीळ आधीच उतरवून ठेवलं होतं, तेवढं उरलं. नेमकं तेच.

कॅज्युअल रजा घेतली. ही भावाच्या घरी बारशाला गारगोटीला गेली. जाताना म्हणाली, पिठलं झाकून ठेवलंय. बायस्कोपाबद्दल एक शब्द नाही. माकडाबद्दल मात्र बोलली होती.

५ फेब्रुवारी, रविवार.
लालासाबच्या दुकानावरून जाणं टाळत होतो. आज समोरच आला. म्हणाला, “पोराला कोडोलीच्या जत्रंत कुस्ती दिली हंबीररावांनी. पंचांनी पाठीवर थाप मारली की सोडायचं, असं ठरलं. मारली कुस्ती त्यानं.” लालबी गल्लीत साखर वाटत होती. मलाही दिली.

मी म्हणालो, म्हणजे माझ्या बायस्कोपाचा परिणाम झाला. लालासाब म्हणाला, “व्हय की. उरला तेवढ्याचा.”

साखर बराच वेळ मुठीत होती. चिकट झाली. सिकंदरला भेटायला जायचं मनात होतं. त्याला खुणेनं काय सांगायचं ते जमेना, म्हणून घरी आलो.

१९ फेब्रुवारी, रविवार. गारगोटी.
हिला न्यायला आलो. बाजारात तंबू लागलेला. ही मेव्हण्यांच्या घरी, मला करमेना, आत जाऊन मागं खाली जमिनीवर बसलो.

मुख्य खेळाआधी एक छोटा तुकडा लागला. आमची तालीम! लालासाबनं तंबूवाल्याला दिला असणार. मला विचारलं नाही. पाटीवर नाव नाही. माझं नाही, त्याचंही नाही. सिकंदर माती उकरतो. हलगीवाला बसतो. सिकंदर तळवा टेकवतो.

शेजारी एक मुंडासंवाला शेतकरी बसला होता. त्याला म्हटलं सांगावं. हळू आवाजात सांगितलं की हे माझं आहे, प्लॉट माझा, आणि हे तर काहीच नाही, यापुढं घोडी होती, प्रेयसी होती, देवी प्रत्यक्ष प्रकट होत होती, सगळं जळालं, नाहीतर—

तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “पावणं, गप बसा की वाईच. ऐकू द्या.”

गप्प बसलो.