टेबलाखालची बोटं

४ मार्च, सोमवार
ठमी गणितात परत नापास! बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, घोकंपट्टी पुरे, घरातल्या वस्तूंशी खेळवा — ताटं मांडताना, पाणी भरताना, घड्याळ बघताना. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा. त्यात अडली तर त्याच वर्गात. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं.

५ मार्च
बाबांच्या बटणांच्या डब्यापासून सुरुवात केली. दुकान बंद करताना त्यांनी तेवढाच बरोबर आणला. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नुसत्या नजरेनं छातीचं माप सांगायचे! म्हटलं, तुम्हीही खेळा, नातीला चुरस वाटेल. नको नको म्हणत होते. शेवटी ठमीनंच ओढून आणून शेजारी बसवलं. दोन भोकांची बटणं वेगळी, चार भोकांची वेगळी, मग दहा-दहाचे ढीग. दोघांची उत्तरं बरोबर!

११ मार्च
पातेल्यात किती पेले मावतील? टेबल किती वितींचं? सफरचंदाचे आठ तुकडे, तीन खाल्ले, उरले किती? बाबा जरा वेळ लावतात, पण चुकत नाहीत. ठमी तर धडाधड सांगते. अट एकच — आजोबा शेजारी हवेत. आज बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगून आले, पोरगी सुधारली.

१५ मार्च
चमचा पडला म्हणून वाकले. टेबलाखाली बाबांचा हात ठमीच्या हातात. बोटं दाबून दाबून उत्तर चाललेलं!

केसानं गळा कापला माझा. आणि कुणी? तर बाबांनी! उरलेलं वीतभर कापडसुद्धा गिऱ्हाइकाला परत देणाऱ्या माणसानं! मी म्हटलं, "बाबा, लाडापायी पांगळी करताय तुम्ही तिला." त्यांनी मान वर केली नाही. "चुकलं माझं," एवढंच. ठमी रडत आत पळाली. रडू दे. मी दिवसभर कामावर राबून येते, तर इथे माझ्याच डोळ्यांत धूळ!

१६ मार्च
बाबांशी बोलले नाही. त्यांचं ताट खोलीत नेऊन ठेवलं.

१८ मार्च
ठमीला एकटीला बसवलं. आता पितळ उघडं पडेल म्हटलं. पातेलं, वीत, सफरचंद, घड्याळ — सगळं बरोबर! एकदाही अडली नाही. मग बोटं कशाला दाबत होतात दोघं, विचारलं.
"नाही सांगणार. आजोबांना वचन दिलंय."
म्हणजे आता माझ्याच घरात मला वगळून वचनं. एवढी परकी झाले मी? लेकीला आणि बापाला, दोघांनाही?

१९ मार्च
कामावर रजा टाकली. ठमी शाळेत. बाबांना टेबलापाशी बोलावलं. अबोला मलाच सोसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, बाबा, किती वाजले हो?

समोरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग बटणांच्या डब्याकडे. मग माझ्याकडे, हसून. आणि त्यांचा डावा हात हळूच टेबलाखाली गेला. उघडा. तिथे रोज ठमी बसते.

उत्तरं तिची होती. पहिल्या दिवसापासून. सगळी.

मला का नाही सांगितलंत, बाबा?

विचारलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला आणि चारदा दाबला.

"चार," बाबा म्हणाले.