माझ्याकडे कागद नाही, अध्यक्ष महाराज

बुढी लेन, औरंगाबाद
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय सुभद्रा,

नाशिकला सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तुझ्या चाचीनं, जहांआरानं, ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. तू निघताना तिनं बांधून दिलेला डबा गाडीत उघडलास की नाही, एवढंच तिला विचारायचं आहे. इथं थंडी ओसरली. मी रोज सकाळी गुलमंडीपर्यंत पायी जातो, एक पेपर घेतो, परत येतो. रिटायर माणसाला एवढंच काम. तुझ्या कार्डाचं उत्तर त्याच दिवशी जायला हवं होतं. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. आज मात्र पुरं करूनच उठणार आहे. लांबेल. शाळेतून आल्यावर फुरसतीनं वाच.

तुझे वडील आणि मी मित्र कसे झालो, हे तू लहानपणी खूपदा ऐकलं असशील. पण एक गोष्ट काकासाहेबांनी सांगितली नसेल. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. शिक्षण सगळं उर्दूत. मराठी आपल्या गावात, पिशोरच्या गल्लीत शिकलो, तीही बोलण्यापुरती. पुढं कचेऱ्यांचा कारभार हळूहळू मराठीत यायला लागला, तेव्हा अब्बा म्हणाले, आता तुला नोकरी कोण देणार. काकासाहेब तेव्हा शहरात खोली घेऊन शिकत होते. ते मला म्हणाले, "कमरू, रोज संध्याकाळी ये. चार महिन्यांत लिहायला लावतो." आणि लावलं. अर्ज कसा लिहायचा, 'सादर' कुठं आणि 'सविनय' कुठं, ऱ्हस्व-दीर्घ, सगळं. माझं अक्षर आजही त्यांच्यासारखं आहे. त्या अक्षरावर मला नोकरी लागली, पुढं मुंबईला सचिवालयात आरोग्य खात्यात बदली झाली आणि तिथंच मी अधीक्षक झालो.

सदुसष्टात काकासाहेब आमदार झाले. पहिल्या अधिवेशनाला आले ते थेट आमच्या क्वार्टरवर. बरोबर पिशोरची भुईमुगाची पिशवी आणि प्रश्नांची वही. सभागृहात प्रश्न कसा विचारतात हे त्यांना माझ्याकडून समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, की आमदाराचा प्रश्न आधी लेखी जातो, मग तो खात्याकडं येतो, खातं जिल्ह्यातून माहिती मागवतं, माझ्यासारखा कुणीतरी उत्तराचा मसुदा करतो, वरचे साहेब तो तपासतात आणि मंत्री सभागृहात ते वाचतात. त्यानंतर आमदाराला उपप्रश्न विचारता येतो. खरी कसोटी तिथंच, कारण त्याचं उत्तर आधी लिहून ठेवता येत नाही. काकासाहेब हसले. म्हणाले, "म्हंजे मंत्र्याला तुझं उत्तर वाचू द्यायचं आन् मग मी विचारायचं व्हय?" मीही हसलो. हे खरंच एक दिवस घडेल असं तेव्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

सत्तर सालचा श्रावण तू विसरली नसशील. तुझी मैत्रीण भागू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पोट दुखायला लागल्यावर तिच्या आईनं, द्वारकाबाईंनी, तिला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखान्याला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, डॉक्टर साहेब नऊ महिन्यांत इकडं फिरकले नाहीत. तिथून पुढं नेताना वाटेतच भागू गेली. बाळही गेलं. एकोणीस वर्षांची पोर. तू तेव्हा अठरा वर्षांची होतीस. चार दिवस जेवली नव्हतीस, आणि पाचव्या दिवशी शिपायाचा जबाब, तारखा, कुलपाची हकीगत असं सगळं फुलस्केपवर लिहून वडिलांच्या पुढ्यात ठेवलंस. म्हणालीस, "अण्णा, हे सभागृहात विचारा." काकासाहेबांनी ते मला मुंबईत दाखवलं होतं. "माझ्या लेकीनं लिव्हलंय," असं म्हणाले आणि कागदाची पुन्हा नीट घडी घातली.

त्यावरून त्यांनी हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न दिला. दवाखान्यात वर्षभरापासून डॉक्टर नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्यामुळे एका बाळंतिणीचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? तो प्रश्न माझ्या टेबलावर आला. मी फाईल मागवली. डॉक्टरची नेमणूक त्याच दवाखान्यावर होती, पगारही तिथूनच निघत होता. पण एका आदेशानं त्याला 'तात्पुरता' शहरात ठेवून घेतलेलं होतं. कुणाच्या शिफारशीनं, ते फाईलवर नव्हतं. मी पहिल्या मसुद्यात हे सरळ लिहिलं. वरच्या साहेबांनी ते खोडलं. म्हणाले, "पद रिक्त आहे का? नाही ना? मग तेवढंच लिहा." मी लिहिलं. "हे खरे नाही. डॉक्टरचे पद भरलेले आहे. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही." भागू मेली, हे सुद्धा त्या उत्तरात उद्भवलं नाही. आणि सुभद्रा, तो मसुदा मी त्याच अक्षरात लिहिला, जे तुझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं.

नागपूरला ज्या दिवशी तो प्रश्न होता, त्या सकाळी मी आमदार निवासात काकासाहेबांच्या खोलीवर गेलो. आदल्या दिवशी मी माझ्या हातानं त्या आदेशाची नक्कल करून घेतली होती. ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचली. मग म्हणाले, "कमरू, अक्षर तुझंय. ह्यो कागद भायेर आला तर तुझं काय?" मी म्हणालो, "मला काही होत नाही. तुम्ही विचारा." मला तेव्हा तसंच वाटत होतं. तीन मुली शाळेत, अब्बा अंथरुणावर, पण त्या खोलीत मला धीर आला होता.

सभागृहात मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत फाईल घेऊन बसलो होतो. मंत्र्यांनी माझं उत्तर वाचलं. काकासाहेब उपप्रश्नाला उठले. त्यांचे शब्द नेमके होते. डॉक्टरला एका आदेशानं वर्षभर शहरात ठेवलेलं आहे, हे मंत्रिमहोदयांना माहीत आहे काय? मंत्र्यांनी गॅलरीकडं पाहिलं. साहेबांनी घाईघाईनं चिठ्ठी पाठवली. ती वाचून मंत्री म्हणाले, की असा आदेश असल्यास सन्माननीय सदस्यांनी तो सभागृहासमोर ठेवावा. अध्यक्षांनीही तेच सांगितलं. काकासाहेबांचा हात कोटाच्या खिशात गेला. तिथंच थांबला. आणि ते म्हणाले, "माझ्याकडे कागद नाही, अध्यक्ष महाराज." समोरचे बाक हसले. कुणीतरी ओरडलं, की ऐकीव गोष्टी आणू नका. पुढच्या प्रश्नाचा पुकारा झाला आणि ते खाली बसले.

एवढं तू पेपरात वाचलंस. त्याच्या पुढचं गावानं ठरवलं. आमदारानं आधी प्रश्न लावला, मग मिटवून घेतला. कुणी म्हणालं जीप मिळाली, कुणी म्हणालं शहरात प्लॉट. बहात्तरला तिकीट गेलं. त्या सगळ्यापेक्षा त्यांना लागलं ते तुझं. शिकायला म्हणून तू नाशिकला गेलीस, नोकरीही तिकडंच धरलीस आणि सणावारालाही दोन दिवसांवर राहिली नाहीस. बोलायचीस, पण पाहुण्याशी बोलावं तसं. एकदा मी त्यांना म्हणालो, पोरीला तरी सांगा. ते म्हणाले, "तिला सांगितलं तर ती गप बसायची नाय. तुझ्यासारखी तीबी माझीच चेली."

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही, जहांआरालासुद्धा नाही, ते लिहितो. काकासाहेबांच्या खिशात कागद होता. त्यांनी तो अर्धा बाहेर काढला होता. मला त्याची कड दिसली. त्यांनी वर गॅलरीत माझ्याकडं पाहिलं. विचारत होते, ठेवू का? आणि मी मान हलवली. नाही म्हणून. सकाळी मीच दिलेला कागद, मीच म्हणालो होतो विचारा, आणि वेळ आली तेव्हा माझी नोकरी, माझ्या मुली, शेजारी बसलेले साहेब, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि मान आपोआप हलली. त्यांनी कागद परत आत सारला. बाहेर व्हरांड्यात भेटले तेव्हा मला तोंड वर करवेना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, च्या घेऊ." त्यानंतर सोळा वर्षं आम्ही त्या गोष्टीवर एक शब्द बोललो नाही. ते बोलले नाहीत ते माझ्यासाठी. मी बोललो नाही तेही माझ्यासाठीच.

आणखी एक तुला माहीत नाही. अधिवेशन संपल्यावर साहेबांना भीती बसली, की हा आमदार पुन्हा प्रश्न लावील. जानेवारीत फाईल पुन्हा माझ्याकडं आली. तो आदेश रद्द करण्याचा मसुदा मीच लिहिला. मार्चमध्ये डॉक्टर दवाखान्यात रुजू झाले आणि तिथं सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांत गावच्या किती बायकांची तिथं सुटका झाली, ते द्वारकाबाईंना विचार. डॉक्टर कशामुळं आले, हे मात्र त्यांनाही माहीत नाही.

डिसेंबरात काकासाहेबांच्या दहाव्याला तू माझ्या हातात विधानमंडळाकडून आलेला कागद दिलास. येत्या अधिवेशनात त्यांच्या शोकप्रस्तावासाठी माहिती मागवली आहे. म्हणालीस, "चाचा, तुम्हाला ती भाषा येते, तुम्हीच भरा. कामगिरीपुढं काही लिहू नका. लिहिण्यासारखं काही नाही." तेव्हाही मी मान खाली घालून कागद खिशात ठेवला. आज तो भरून सोबत पाठवतो आहे. कामगिरीपुढं मी लिहिलंय, की ग्रामीण दवाखान्यात डॉक्टर नसल्याबद्दल त्यांनी सभागृहात प्रश्न विचारला आणि त्यानंतर तीन महिन्यांत तिथं डॉक्टर रुजू झाले. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खालची सही तुझी हवी. वाटलं तर कर, नाही वाटलं तर ते वाक्य खोड. येत्या रविवारी मी पिशोरला जाऊन द्वारकाबाईंच्या दारात हेच सगळं सांगणार आहे. त्या काय म्हणतील ते ऐकून घेईन. तू आलीस तर तुझ्याही समोर सांगेन, आणि त्यानंतर मला चाचा म्हणायचं की नाही ते तुझ्यावर.

तुझ्या अण्णांचा ऋणी आणि तुझाच,
कमरोद्दीन