दुरुस्त केलेला अर्ज

पुणे, ३० जानेवारी १९९७

प्रिय रशीदा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र संक्रांतीला पोचलं आणि उत्तर आज जातंय. काय बोलायचं ते पुढच्या पत्रात बोलून घे, मी बोलणी खाईन मुकाट्याने. रोजे कसे चाललेत? गुडघा सांभाळ. पुण्याच्या पोरांना तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई मिरजेत लेकाच्या घरी नुसती बसून राहते, यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही.

लिहायला बसले ते तुझ्या जैनबसाठी. घाबरू नकोस, लेक ठीक आहे. पण आपल्या शाळेत एक भानगड झाली आहे, आणि मी निवृत्त शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून शाळा समितीवर आहे, तेव्हा तुला बाहेरून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

गेल्या शनिवारी जैनब तिच्या पाचवीच्या वर्गाची सहल घेऊन खडकवासल्याला गेली होती. परतताना बस धरणाजवळच बंद पडली. दिवस मावळला. जैनबचा रोजा. तिने एक खजूर तोंडात टाकून तो सोडला, तर शेजारी बसलेली वर्गातली एक मुलगी भुकेने रडायला लागली. जैनबने आपला डबा तिच्यापुढे ठेवला. चपाती आणि मेथीची भाजी. स्वतः उपाशीच घरी आली.

सोमवारी सकाळी तीन पालक हेडमास्तरांच्या दारात हजर. रोज्याचं अन्न आमच्या मुलीला चारलं, उद्या आणखी काय काय कराल, असा सूर. मेथीला धर्म असतो हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं. हेडमास्तरांनी वातावरण निवळेपर्यंत म्हणून तिचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला, प्रेमलाला, दिला आणि तिला लायब्ररीत बसवलं.

जैनब चिडली. चिडायलाच हवं. तिने समितीला अर्ज लिहिलाय, तोही चांगला आहे. पण त्यात ‘हा उघड जातीयवाद आहे’ असं एक वाक्य आहे, आणि इथेच घोडं पेंड खातंय. अगं, या शब्दाचा आता चोथा झालाय. महापालिकेची निवडणूक लागली आहे, जो तो समोरच्याला जातीयवादी म्हणतोय. आमच्या गोपाळकृष्णरावांनी परवा पेपरात पेन्सिलीने गोल करून मोजला, एका अंकात तेवीस वेळा. गेल्या वर्षी कॅन्टीनच्या कंत्राटावरून समितीतले दोन्ही गट एकमेकांना हेच म्हणत होते. एका गृहस्थांच्या चिरंजिवांना मी मराठीत नापास केलं होतं, तर मीसुद्धा जातीयवादी. लांडगा आला रे आला, दुसरं काय. हा शब्द दिसला की समिती अर्ज वाचायची थांबते. मी त्यांच्यात बसते, मला ठाऊक आहे.

तेवढा शब्द काढला तर बाकीचं ऐकलं जाईल. एप्रिलअखेर तिचं प्रोबेशन संपतंय. एकदा कायम झाली की मग काय हवं ते बोलू दे. माझं ती ऐकत नाही. तू दोन ओळी लिही.

घरातल्या सगळ्यांना आठवणीने विचारल्याचं सांग, आणि आहे तो लोभ मिरजेच्या हवेत पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुनीती


मिरज, ५ फेब्रुवारी १९९७

प्रिय सुनीती,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. हुसेनने वाचायला मागितलं, मी दिलं नाही. लेकाला बहिणीची काळजी आहे, पण तो तापट आहे, उगाच पुण्याला जाऊन कोणाच्या तरी अंगावर जाईल.

जैनबला मी लिहिलं आहे. सुनीतीमावशी सांगेल तसं कर, असं स्पष्ट लिहिलं. जावयाचा, रियाजचा, पिंपरीचा कारखाना बंद पडून सात महिने झाले. येरवड्याचं भाडं, सासूची औषधं, सगळं तिच्या पगारावर. ही नोकरी गेली तर त्यांना पुण्यात राहता यायचं नाही. तत्त्वाची गोष्ट करायला पायाखाली जमीन लागते, हे मी तिला लहानपणापासून सांगत आले.

आणि तो शब्द मलाही नको वाटतो. मी जन्मात कधी तो कोणासाठी काढला नाही. काढला की लोक झालेलं विसरतात आणि आपल्यालाच न्याहाळायला लागतात. तिचा अर्ज तूच बघ. तुझ्या लाल पेनातून गेलेला कागद कोणी परत केलेला मला आठवत नाही.

गुडघा आहे तसाच आहे. गोपाळकृष्णरावांना सांग, मोजायचंच असेल तर घरात दिवसातून किती कप चहा होतो तेही मोजा.

आहे तशीच माया राहो, इतकंच मागणं.

तुझी,
रशीदा


पुणे, १४ फेब्रुवारी १९९७

प्रिय रशीदा,
स. न. वि. वि.

ईदच्या दुसऱ्या दिवशी जैनब डबाभर शीरखुर्मा घेऊन आली. ह्यांनी एकट्याने अर्धा संपवला आणि वर डॉक्टरांना सांगू नकोस म्हणाले. मग आम्ही दोघी अर्ज घेऊन बसलो.

दोन तास लागले. तुझी लेक तुझ्यासारखी नाही, बरं का. प्रत्येक ओळीला हुज्जत. मी ते वाक्य काढलं, तेव्हा तिने विचारलं की मग जे झालं त्याला म्हणायचं तरी काय. मी म्हटलं, गैरसमज म्हण. ती म्हणाली, कोणाचाही काहीही गैरसमज झालेला नाही, मी कोण आहे हे त्यांना नीट समजलं म्हणूनच ते आले. बोलण्यात तशी बिनतोड. पण वादात जिंकून नोकरी टिकत नाही, हे मी तिला सांगितलं.

‘माझ्याशी भेदभाव झाला’ याच्या जागी ‘पालकांचा गैरसमज झाला’ असं घातलं. शिवाय एक दिलगिरीचं वाक्य घातलं, मुलीला डबा देण्याआधी पालकांना विचारायचं राहून गेलं याबद्दल. बंद पडलेल्या बसमधून कोण कोणाला विचारणार, हे मलाही कळतं. पण आपण एक पाऊल मागे आलो की समोरच्यालाही यावं लागतं, हा माझा आजवरचा अनुभव. तिने अर्ज पुन्हा वाचून काढला. मग तुझं पत्र आल्याचं म्हणाली आणि सगळा अर्ज सुवाच्य अक्षरात उतरवून सही केली.

मी स्वतः हेडमास्तरांच्या हातात दिला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि असा समजूतदार अर्ज बऱ्याच वर्षांत आला नाही म्हणाले. लायब्ररीतून तिला जूनमध्ये वर्गावर घेऊ, असंही म्हणाले. आता तू निर्धास्त राहा आणि गुडघ्याला तेल लाव.

ममत्व आहेच, ते असंच राहू दे.

तुझी,
सुनीती


मिरज, ४ एप्रिल १९९७

प्रिय सुनीती,
सलाम वि. वि.

काल जैनबचं पत्र आलं. सोबत शाळेच्या आदेशाची नक्कल. तीस एप्रिलला तिची सेवा संपते. कारण दिलं आहे, वर्गशिक्षिका म्हणून अनुभव अपुरा. वर्ग त्यांनीच काढून घेतला, आणि अनुभव अपुरा. खाली दुसरं कारण, शिक्षिकेने स्वतःच्या अर्जात चूक मान्य केली आहे.

जैनबने पत्रात एकाही ओळीत तक्रार केलेली नाही. तुझ्याबद्दलही काही लिहिलेलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

तू समितीच्या बैठकीत होतीस. काय झालं ते तुझ्या हातचं वाचायचं आहे.

रशीदा


पुणे, १० एप्रिल १९९७

प्रिय रशीदा,
स. न. वि. वि.

लिहायला चार दिवस लावले. लाज वाटत होती म्हणून, दुसरं कारण नाही.

बैठक मार्चअखेरीस झाली. जैनबचा विषय सातवा होता. एका सदस्यांनी अर्ज मोठ्याने वाचला. दिलगिरीचं वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाले, बाई स्वतःच गैरसमज म्हणतात, स्वतःच चूक कबूल करतात, मग तक्रार उरली कुठे. हेडमास्तरांनी अनुभव अपुरा असल्याचा अहवाल पुढे केला. जूनचं बोलणं त्यांना आठवत नव्हतं.

मी उठले. म्हटलं, हे वाक्य तिचं नाही, माझं आहे, मी तिला लिहायला लावलं. त्यावर एकजण म्हणाले, तरीच भाषा इतकी उत्तम आहे. सगळे हसले. वाईट हसले नाहीत गं, चांगल्या माणसांसारखे हसले. मग मी तो शब्द उच्चारला. म्हटलं, मेथीच्या भाजीवरून एका मुलीची नोकरी घेताय, हा जातीयवाद आहे. कोणी चिडलंसुद्धा नाही. बाई, आता तुम्हीही सुरू केलंत का, असं म्हणून अध्यक्षांनी पान उलटलं. इतिवृत्तात नोंद करा म्हटलं, तर राजकीय शब्द नोंदवत नाही म्हणाले. पुढचा विषय मैदानाच्या कुंपणाचा होता. त्यावर चाळीस मिनिटं बोलले.

त्या लोकांना मी बारा वर्षं ओळखते. माझं ऐकतील असा भरवसा होता मला. तो शब्द खोटा पडतो म्हणून मी काढला, आणि तिच्या खरेपणाचा कागदावर उरलेला एकच पुरावा माझ्याच हाताने पुसला.

दुसऱ्या दिवशी येरवड्याला गेले. रियाजने दार उघडलं, पाणी दिलं. जैनब बाहेर आली, नीट बसली, तुझ्या तब्येतीचं बोलली. मग विचारलं, मावशी, माझा पहिला अर्ज आहे का तुमच्याकडे. तो मी केव्हाच रद्दीत दिला होता. ती बरं म्हणाली. तिने माझ्यावर आवाज चढवला असता तर मला उठून घरी येता आलं असतं, ते झालं नाही, मी तासभर बसूनच राहिले.

समितीचा राजीनामा दिला. ताबडतोब मंजूर झाला. ह्यांनी पेपरात तो शब्द मोजणं सोडलंय.

लोभ असावा असं लिहायची हाताला सवय आहे. आज तो आवरते.

सुनीती


मिरज, १९ एप्रिल १९९७

प्रिय सुनीती,
सप्रेम सलाम वि. वि.

जैनब आणि रियाज सोमवारी सामान घेऊन इथे आले. तीस तारखेची वाट न बघता येरवड्याची खोली सोडली. सासूला बसचा प्रवास सोसला नाही, ती झोपूनच आहे. रियाजला हुसेनच्या ओळखीने एका वर्कशॉपात काम लागेल असं दिसतंय. पुणं संपलं त्यांचं.

तू सगळं अंगावर घेतलंस. निम्मं माझं आहे. मीच तिला लिहिलं होतं, मावशी सांगेल तसं कर. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि आता नाही सांगितली तर कधीच सांगायची नाही.

दर वर्षी स्नेहसंमेलनाला पंगत असायची. सगळ्या बायका वाढायला, आणि माझं काम सायकल स्टँडवर. एक वर्ष नाही, दोन नाही, बावीस वर्षं. कामवाटपाचा पहिला तक्ता जुन्या मुख्याध्यापिकाबाईंनी केला. माझ्या हातचं वाढलेलं काही घरांना चालणार नाही, असं त्यांनी मला खोलीत बोलावून, अगदी गोड बोलून सांगितलं होतं. पुढे नऊ वर्षं तो तक्ता तुझ्या अक्षरात लागायचा. तू मागच्या वर्षीचा बघून उतरवायचीस. मी पुस्तक घेऊन बसायचे, म्हणून तुला वाटायचं की मला गर्दी आवडत नाही. तू तिथे ताट आणून द्यायचीस, दोन जिलब्या जास्त घालून. त्या जिलब्यांसाठी मी तुझ्यावर जीव टाकला, आणि त्याच जिलब्यांमुळे तोंड उघडलं नाही.

तू जातीयवादी नव्हतीस. आजही तसं म्हणत नाही. पण मग बावीस वर्षं त्या स्टँडवर मला कशाने बसवलं होतं, हे सांगायला माझ्याकडे दुसरा शब्द नाही. तू म्हणतेस, लोकांनी वापरून वापरून त्याचा चोथा केला. केला असेल. मी तर तो कधी वापरलाच नाही. माझा कोरा करकरीत होता, सुनीती. तो तरी कुठे कामाला आला.

काल जैनब इथल्या एका शाळेसाठी अर्ज लिहीत होती. मी चष्मा लावून शेजारी बसले, म्हटलं, दे, एक नजर फिरवते. तिने कागद पालथा घातला आणि त्यावर हात ठेवला. राहू दे अम्मी, एवढंच म्हणाली. मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तुझ्यावर रागावली आहे की माझ्यावर, ते विचारलं नाही.

लोभ आहे म्हणून हे लिहिलं. नसता तर नेहमीसारखं छान पत्र लिहिलं असतं.

तुझी,
रशीदा