पत्र्याची खोली

लातूर, ३ जून, संध्याकाळ

मला हैदराबादला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, पण पहिल्या वर्षी विद्यावेतन नाही. म्हणून आईनं आज तिची पत्र्याची खोली क्लाससाठी गावाहून आलेल्या दोन पोरींना भाड्यानं दिली. त्र्याण्णवच्या भूकंपापासून ती स्लॅबखाली एकदाही झोपली नव्हती. "वर्षाचंच हाय की. आता भ्या वाटत न्हाई मला," म्हणाली. मी लगेच खरं मानलं. मानायचंच होतं ना मला?

आत्ता चादर द्यायला स्लॅबच्या खोलीत गेले, तर तिच्या उशाशी पालथा पेला आणि त्यावर रिकामा तांब्या. भूकंपानंतर घरोघर असाच ठेवायचे, जमीन हलली की पडून जाग यावी म्हणून.

तांब्याला धक्का न लावता चादर ठेवली. 'मी जात नाही' एवढं काही तोंडातून निघालं नाही.