सरस गोठू नये म्हणून

१२ जून, गुरुवार
हमरिया, शारजा. सकाळी आठलाच गोदामात ३८ डिग्री. मिन बाईंनी आल्या आल्या एसी बंद करायला लावला. चित्र पुरं होईपर्यंत लावायचा नाही. म्हटलं, बाई, जून आहे. तर म्हणाल्या, "म्हणून तर आले."
कारण सरस. बाईंची शाई म्हणजे काजळी आणि जनावराच्या कातड्याचा सरस. गरम आहे तोवर पाण्यासारखा, जरा गार झाला की गोठलाच. सोलमध्ये असा उकाडा जेमतेम महिनाभर, इथे दमट हवा आणि पाच महिने भट्टी. म्हणून एकोणऐंशीव्या वर्षी एवढं नाव झालेली चित्रकार शारजात. गॅलरीने गोदाम दिलंय आणि सोबत मी. हुद्दा स्टुडिओ मॅनेजर. काम: पाणी प्या, पाणी प्या म्हणत मागे फिरणं.
सासूबाईंना फोनवर कातड्याचं बोलले नाही. डिंक म्हटलं.

१६ जून
चित्र म्हणजे नुसत्या आडव्या रेघा. बारा मीटर कागद, तुतीच्या सालीचा, जमिनीवर पसरलेला. वर फळी, फळीवर बाई गुडघ्यांवर. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ, ब्रश उचलायचा नाही. अशा शंभर. एक तुटली की सगळा कागद रद्द. दिवसाला चार-पाच होतात. अकरा वाजता थांबतात.
आज चहाला खुशीत होत्या. कॉलेजात सर म्हणाले होते, बायकांचा हात फुलांसाठी. वीस वर्षं फुलंच काढली. एक्केचाळीसाव्या वर्षी सगळी जाळली आणि त्याच काजळीची पहिली शाई केली. खरं किती, देव जाणे. पण सांगताना डोळे असे चमकत होते की मला उगाच भीती वाटली.

२३ जून
बाई पडल्या. म्हणजे फळीवरच बसल्या आणि कलंडल्या. ओठ पांढरेफटक. ओआरएस पाजलं, मानेवर ओला टॉवेल. भानावर आल्यावर पहिला प्रश्न, "रेघ पुरी झाली होती?"
झाली होती. नशीब! (कुणाचं?)
गॅलरीच्या ऑफिसला फोन केला. "तिने फॉर्मवर सही केलीय हबीबी, तिची मर्जी." खलास. विषय संपला.
घरी अभिला सांगितलं. तो म्हणाला, काही झालं तर आधी तुझं नाव येईल. हा नवरा की वकील? जेवता जेवता इराने विचारलं, "मम्मा, इज शी गोइंग टू डाय इन देअर?" गप जेव म्हटलं. मग मलाच जेवण गेलं नाही.

२ जुलै
आज केलं.
एसीचं ॲप माझ्या फोनमध्ये आहे. बाई साठाव्या रेघेवर, अगदी लांबच्या टोकाला. मी केबिनमध्ये. २८ वर लावला, थेट अकरापर्यंत. २८ म्हणजे काय गारठा आहे का? पुण्यात लोक एवढ्यात पंखासुद्धा लावत नाहीत.
बाईंनी मान वर करून विचारलं, "आज वारा आहे?"
म्हटलं, "हो. समुद्रावरून."
छान खोटं बोलता येतं मला. बाईंचा चेहरा जरा माणसात आला होता, तेवढ्यावर खूश होऊन घरी आले.

३ जुलै
साठ ते चौसष्ट, सगळ्या रेघा गेल्या. सरस ब्रशवरच गोठत होता. कुठे गोळे, कुठे कोरडं. वाळल्यावर नखाएवढ्या खपल्या सुटल्या.
बाई कागदाशी बसून राहिल्या. शाईकडे बघितलंच नाही. उजवा हात उलटा-सुलटा करून बघत होत्या, बाजारात वांगं बघावं तसा. मग म्हणाल्या, "हात गेला."
मी म्हणायला हवं होतं, बाई, हात नाही, एसी. तोंड उघडलंही. विचारलं काय, तर चहा करू का!

८ जुलै
नवा कागद. पहिल्या रेघेपासून.
बाई आता अकराला थांबत नाहीत. दोन वाजतात. हात परत आणायचाय म्हणे, त्याला सवय लावायची. आत ४४. बाहेर बांधकामावरच्या लोकांनाही कायद्याने साडेबारा ते तीन सावलीत बसवतात, आणि इथे ही म्हातारी चार भिंतींत स्वतःला भाजून घेतेय. हे मी केलं. वाचवायला गेले आणि तीन तास वाढवून दिले. वर तोंड शिवून बसलेय. लाज वाटते.
आज दोनदा थांबल्या. दुसऱ्यांदा माझं नाव आठवेना.

१५ जुलै
सांगितलं. सगळं. ॲप, २८, समुद्रावरचा वारा. रडलेही, उगाच.
वाटलं होतं हाकलतील. शिव्या तरी देतील, कोरियनमध्ये का होईना. तर हसल्या. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. उजवा हात माझ्या गालावर ठेवून म्हणाल्या, "म्हणजे हात आहे!"
पुढे माझा फोन मागितला. ॲप स्वतः काढून टाकलं, दोनदा तपासलं. मग हात पुढे केला. किल्ली.
बोलल्याने सुटेल वाटलं होतं. बाई तर वीस वर्षांनी लहान झाल्या. त्याचीच धास्ती वाटतेय.

२२ जुलै
आता मी बाहेर. दार आतून बंद. तीन वाजता उघडतात, मी जेवण ठेवायचं, रेघा मोजायच्या, निघायचं. आज सत्तावन्न. सुंदर आहेत, खोटं का बोलू? पहिल्या कागदापेक्षा सरस. सॉरी, चांगल्या.
बाईंचं मनगट माझ्या दोन बोटांत मावेल. डॉक्टर म्हटलं की बहिऱ्या होतात. ऑफिसला पुन्हा मेल टाकला. उत्तर: उद्घाटनाचं कार्ड छापायला गेलंय, यल्ला, चल, लवकर फोटो पाठव.

२९ जुलै, मंगळवार. दु. १२.५०, गाडीत
१२.०५ ला बाईंचा मिस्ड कॉल. बाई कधीच फोन करत नाहीत. मी सिग्नलला होते, घेईपर्यंत बंद. नंतर अकरा वेळा केला, उचलत नाहीत.
दार वाजवलं. हाका मारल्या. पत्र्याला हात लावला तर पोळला. आतून काही नाही.
ॲम्ब्युलन्सला सांगितलंय. गार्ड बशीरभाई दुसरी किल्ली आणायला मेन ऑफिसला गेलेत. "दस मिनट, मॅडम." सतरा झाली.
रेघ चालू असली तर बाई कुणालाच ओ देत नाहीत. आज नव्वदच्या पुढे असतील. आम्ही धाडकन दार उघडलं आणि ब्रश उचलला गेला तर सगळा कागद जाईल, आणि बाई पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत.
नका बघू. जन्मभर नका बघू. फक्त आत रेघ चालू असू दे.
बशीरभाई येताना दिसतायत. पळतायत.