टबाची ट्रायल

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण वीस दिवसांपासून कंबर धरली आहे आणि एकदा खाली गेलो तर पुढचं पत्र जमिनीवरूनच लिहावं लागेल, तेव्हा उभ्याउभ्याचा गोड मानून घे. तुझी तब्येत कशी आहे? जिना चढताना अजून धाप लागते का? इकडे सर्व क्षेम. बाबा ब्याऐंशीव्या वर्षीही सकाळी नवाच्या ठोक्याला खाली दुकानात उतरतात आणि सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतात (मग चष्मा लावून सुई कुठे ठेवली ते शोधतात). तू त्यांच्याबद्दल कधी विचारत नाहीस म्हणून मीही लिहीत नाही. या वेळी नाइलाज आहे, कारण विषय टबाचा आहे.

आपला जुना लोखंडी टब गेला. गंजून तळाला भोक पडलं, आणि ते पहिल्यांदा लक्षात आलं ते दुकानात कोटाच्या ट्रायलला उभ्या असलेल्या वकिलांच्या. बाबा त्यांच्या खांद्यावर खडूची खूण करत होते आणि नेमकी त्याच वेळी बरोबर वर आमची ही आंघोळ करत होती. एक थेंब खांद्यावर पडला, बाबांनी न बोलता टिपला. दुसरा पडला, तोही टिपला. तिसऱ्याच्या वेळी वकिलांनी मान वर केली, आणि तिसरा थेंब साबणाचा होता. (माणूस सभ्य. डोळा चोळत गेले, पण कोट न्यायला अजून आलेले नाहीत.) खरं तर आम्हाला टबाची गरजच नव्हती. आम्ही सगळे त्यात उभे राहून तांब्यानं पाणी घेणारे. त्यात पाय पसरून तासभर पडायची हौस या घरात फक्त तुला. टब काढा, फरशी घाला, बादली ठेवा, असं मी सुचवलं. बाबा म्हणाले, नवा घ्यायचा. घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचं काही चालत नाही, हे तुला मी सांगायला नको.

टबांच्या दुकानात गेलो तर विक्रेता शिकलेला आणि गोड बोलणारा. न्हाणीघराची लांबी-रुंदी काय, असं त्यानं विचारलं. बाबांनी गळ्यातली टेप काढली आणि त्यालाच विचारलं की टबाचं माप माणसाच्या कुठून कुठपर्यंत घेता. तो म्हणाला, माप खोलीचं घेतात. बाबा म्हणाले, "कपाट मोजून कोट शिवतं का कुणी?" साठ वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाशी याच्यापुढे काय वाद घालणार? मग मला बूट काढून टबात झोपवलं. एका नाही, अकरा टबांत. (गिऱ्हाइकं जमली. एका बाईंनी मला, मी दुकानाचाच माणूस समजून, पाणी लवकर गार होतं का म्हणून विचारलं. मी झोपल्या झोपल्या जमेल तेवढ्या गांभीर्यानं नाही म्हणालो.) माझी उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे पहिलाच टब मला बेतून शिवल्यासारखा बसला होता. पण बाबा दर वेळी माझ्या पायाशी टेप लावत, खिशातून एक जुनी चिठ्ठी काढून बघत आणि मान हलवत. शेवटी दुकानातला सगळ्यात लांब टब पसंत केला. त्यात मी घसरत घसरत नाकापर्यंत गेलो. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र कॉलर नीट बसल्याचं समाधान होतं.

टब घरी आला आणि अर्थातच न्हाणीघरात मावेना. खोली मोजली होती कुणी? तिथलं कपाट काढलं, आरसा पॅसेजमध्ये आणला (आता दाढी करताना येणारे-जाणारे सूचना करतात), तरी दार टबाला अडेच. शेवटी सुतारानं दार उलटं फिरवून बाहेर उघडेल असं केलं. माझी कंबर गेली ती या खटपटीत. भिंतीला टेकून कण्हत बसलो होतो, तेव्हा बाबांच्या खिशातून पडलेली ती चिठ्ठी हाताला लागली. मला वाटलं होतं, तरुणपणचं स्वतःचंच माप असेल. म्हातारपणी आपण आखडलो हे कुणाला पटतं? पण वर 'मोठी' असं लिहिलं होतं. उंची पाच फूट दहा. खाली बाबांच्या बारीक अक्षरात नेहमीसारखी कारागिरासाठी सूचना : 'डावा खांदा किंचित उतरता. घाईत असते, नीट उभी राहत नाही. माप दोनदा घ्यावे.'

ताई, सहा वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ मला चांगली आठवते. तू टबात पुस्तक घेऊन पडली होतीस आणि बाबांनी "हे घर आहे, तलाव नाही" म्हणत पॅसेजमधला गरम पाण्याचा कॉक बंद केला. तू डोक्याला साबण तसाच घेऊन बाहेर आलीस आणि सकाळच्या बसनं गेलीस. चूक कुणाची, हे ठरवायला मी लहान आहे (यंदा एक्कावन्न पूर्ण). बाबा त्यावर कधी बोलले नाहीत. तू ये असं मी म्हणत नाही. घरात नवी वस्तू आली की मोठ्या बहिणीला कळवावं, एवढ्याचसाठी हे पत्र. ही नमस्कार सांगते. तब्येतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. एक गोष्ट राहिली. टब बसवून एकोणीस दिवस झाले, पण अजून कोरडा आहे. आपल्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे : ज्याच्या मापाचं, त्यानंच आधी घालून बघायचं. म्हणून आम्ही टबाच्या शेजारी, दाराशी उरलेल्या हातभर जागेत बादली घेऊन आंघोळी करतो. हिनं एकदा त्यात इस्त्रीचे कपडे ठेवले, तर बाबांनी एकेक उचलून बाहेर आणून ठेवले. तेव्हा 'बाकीच्यांनी वापरायला माझी हरकत नाही' अशा दोन ओळी तू लिहून पाठवल्यास आमची सुटका होईल.

ता. ता. क. तशा दोन ओळी पाठवू नकोस. वर 'तू ये असं मी म्हणत नाही' असं लिहिलं आहे, तेही खोडलं असं समज. पत्र पुन्हा लिहायला कंबर साथ देत नाही.

शेवटचं. हे लिहू नकोस असं बाबांनी बजावलं आहे. काल प्लंबर आला होता. गरम पाण्याचा कॉक त्यांनी पॅसेजमधून काढून आत, टबात झोपल्यावर डाव्या हाताला लागेल असा बसवून घेतला. प्लंबर म्हणाला, सगळे उजवीकडे बसवतात. बाबा म्हणाले, "तिच्या उजव्या हातात पुस्तक असतं."